फादर डेमियन यांची पाळी

एक कोस वेठीनें नेणाऱ्याबरोबर दोन कोस जावें, या ख्रिस्ताच्या शिकवणीचें उदाहरण कोणी विचारल्यास आम्ही हवाईच्या मोलोकाई बेटाकडे बोट दाखवूं. तेथील महारोग्यांकरितां १८७३ सालीं बिशपांनीं धर्मगुरु मागितले. चौघे पुढें आले. प्रत्येकानें पाळीनें थोडे महिने जावें, असें ठरलें. या सोयीस आम्ही नांवें ठेवीत नाहीं. पहिली पाळी बेल्जियमच्या फादर डेमियन यांची. त्यांनीं मात्र तेथेंच राहण्याची परवानगी मागितली. जखमा बांधणें, शवपेट्या करणें, कबरी खणणें, हें धर्मगुरूच्या कर्तव्यांत कोठें येतें? प्रवचनांत ते प्रथमपासूनच स्वतःस महारोग्यांत धरून ‘आम्ही’ म्हणत. आम्हां लेखकांचें ‘आम्ही’ किती स्वस्त! त्यांचें तें दहा-बारा वर्षांनीं खरें झालें. १८८९ सालीं ते वारले. आल्यावर पहिल्या रात्री त्यांनीं केवड्याच्या जातीच्या एका झाडाखालीं काढल्या होत्या. तेथेंच त्यांस पुरलें.