दाराशी टांगलेले कणीस

नगर जिल्हा हा शाळूचा मुलूख. ज्वारी हुरड्यात आली की शेतकरी माळ्यावर उभा राहून गोफणीने पाखरे उडवी. आणि खळे झाल्यावर तोच शेतकरी कणसांचा एक झुपका ओसरीत चिमण्यांसाठी टांगून ठेवी. शेतात राखण आणि दारात दाणा, दोन्ही एकाच हाताने. पाखरांना दाणे घालून त्यांना न्याहाळण्याच्या आनंदाचा इतिहास आम्हांला प्रथम या ओसरीत आढळतो.

ख्रिस्ती परंपरेतही त्याचे पूर्वज आहेत. असिसीकर संत फ्रान्सिस (मृत्यू १२२६) म्हणत, सम्राटाची भेट झाली तर नाताळच्या दिवशी वाटांवर धान्य टाकण्याचा हुकूम त्यांच्याकडे मागेन. पाखरांना, विशेषतः चंडोलांना, सणाचा वाटा मिळावा! त्यांचे आद्य चरित्रकार सेलानोचे थॉमस यांनी ही इच्छा नोंदवून ठेवली आहे. नॉर्वेत नाताळात पाखरांसाठी ओटची पेंढी अंगणात उभारण्याची चाल अद्याप टिकून आहे. आपल्या शाळूच्या झुपक्याची ती दूरची बहीणच म्हणावी.

पाहण्याच्या छंदातून ज्ञान कसे उपजते, हे डॉ. सालिम अली (१८९६–१९८७) यांच्या चरित्रावरून कळते. लहानपणी त्यांनी छर्ऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावरचा पिवळा डाग त्यांना थेट मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेत घेऊन गेला. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्राच्या नावातही त्यांनी तीच चिमणी ठेवली.

पुढे घरे बदलली. नागापूरला औद्योगिक वसाहत उभी राहिली. जुन्या घरांच्या आढ्या-वाशांत चिमणीला सांदी मिळे, ती सिमेंटच्या गुळगुळीत भिंतीत मिळेना. नाशिकचे मोहम्मद दिलावर यांच्या पुढाकाराने २० मार्च २०१० पासून जागतिक चिमणी दिन पाळला जाऊ लागला. भारतातील पक्ष्यांविषयीच्या २०२० च्या अहवालानुसार देशभरात चिमण्या बऱ्याच अंशी टिकून आहेत. मात्र मुंबईसारख्या महानगरांत त्या घटल्या आहेत.

येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावयास हवी. चिमणी स्वतः दाणे टिपते, पण पिलांना मुख्यतः अळ्या व किडे भरवते. तेव्हा नुसत्या दाण्यांनी तिचा संसार उभा राहत नाही. कीटकनाशक न फवारलेले एखादे झुडूप, रोज घासून भरलेले पाण्याचे उथळ भांडे आणि भिंतीवर सावलीत लाकडी खोके, एवढे आपल्या अंगणात किंवा मंदिराच्या आवारात सहज होण्यासारखे आहे. पूर्वजांनी कणीस टांगले, तेव्हा सांदी आणि किडे घरापाशी आपोआपच होते. आज तेही आपणच राखले पाहिजेत.