क्वी-हाय, मल आणि बोंबील : फौजी चेष्टेची कुळकथा

‘पहला हमेशा पहला.’ कामठीच्या छावणीत ब्रिगेड ऑफ द गार्ड्‌सचे रेजिमेंटल सेंटर आहे, तिथला प्रत्येक रंगरूट हे बोधवाक्य छाती फुगवून म्हणतो. बाकीच्या पायदळाला डिवचायला एवढे तीन शब्द पुरे आहेत. इकडे नागपुरात वायुसेना नगरला हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचे मुख्यालय. एका शहरात दोन दले नांदली की टिंगल आलीच. पायदळवाला म्हणणार, हवाई दलाला गादीशिवाय झोप येत नाही. हवाई दलवाला म्हणणार, पायदळ आधी चालायला लागते आणि नकाशा मग उघडते. मद्रासी सॅपर साऱ्या फौजेत ‘थंबी’, तर मराठा लाइट इन्फन्ट्रीचा जवान ‘गणपत’.

या थट्टेची कुळी कंपनी सरकारच्या काळापर्यंत मागे जाते. तेव्हा हिंदुस्थानात इंग्रजांची फौज एक नव्हती, तीन होत्या : बंगाल, मद्रास आणि मुंबई. तिघींचे सेनापती वेगळे, भरतीचे मुलूख वेगळे, अभिमानही वेगळे. बंगालच्या फौजेत अवध-बिहारचे उंचेपुरे ब्राह्मण आणि राजपूत जास्त. मद्रास आणि मुंबईच्या पलटणींत नाना जातींची माणसे एका रांगेत उभी. या तीन इलाख्यांतल्या गोऱ्या साहेबांनी एकमेकांना नावे ठेवली, ती १८८६ साली निघालेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात नोंदलेली आहेत. बंगालचा साहेब ‘क्वी-हाय’, कारण तो उठता-बसता नोकराला ‘कोई है?’ म्हणून हाक मारायचा. मद्रासचा तो ‘मल’, मुलगटवाणी सूप ओरपणारा. मुंबईचा तो ‘डक’, आणि हे बदक म्हणजे आपला सुका बोंबील! कोणाला नोकरावरून चिडवले, तर कोणाला ताटावरून.

या फौजांपैकी दोन नागपुरात खांद्याला खांदा लावून लढल्या. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ला सीताबर्डीच्या दोन टेकड्यांवर अप्पासाहेब भोसल्यांच्या सैन्याची कंपनीच्या फौजेशी गाठ पडली. टेकड्यांवर मद्रासच्या पलटणी होत्या, आजाराने आधीच खंगलेल्या. पायथ्याशी बंगालच्या सहाव्या रिसाल्याच्या तीन तुकड्या. दुसऱ्या दिवशी सकाळी भोसल्यांच्या अरबांनी धाकटी टेकडी घेतली आणि लढाईचे पारडे फिरले. तेवढ्यात कॅप्टन फिट्झजेराल्डने बंगालच्या घोडेस्वारांसह मैदानात मुसंडी मारली. ते पाहून वरच्या मद्रासी शिपायांना जोर चढला आणि त्यांनी टेकडी परत घेतली. नागपूरकरांच्या दृष्टीने तो पराभवाचा दिवस, त्याची सल खरीच आहे. पण शिपायांच्या इतिहासात या लढाईनंतर घडलेली एक गोष्ट विसरण्याजोगी नाही.

लढलेल्या पलटणींत मद्रासची चोविसावी होती. तिचा नंबर पूर्वी पहिला होता. १८०६ साली वेल्लोरला नव्या पगडीवरून, कपाळीचे गंध पुसण्याच्या आणि दाढी काढण्याच्या हुकमावरून शिपायांनी बंड केले. त्यात सामील झाल्याबद्दल सरकारने तिचे नाव यादीतून खोडले आणि तिला चोविसावी करून टाकले. सीताबर्डीनंतर बक्षीस मागायची वेळ आली, तेव्हा शिपायांनी आपला जुना नंबर आणि गणवेशावरचा जुना रंग परत मागितला. तो मिळाला. अकरा वर्षे ज्यांना दुसऱ्या पलटणींच्या मागे उभे राहावे लागले होते, ती माणसे पुन्हा पहिली झाली. फौजेतल्या चढाओढीचे मर्म इथे कळते. पलटणीचा नंबर म्हणजे शिपायाची वंशावळ असते, आणि त्यावरून एकमेकांना चिडवणे हा त्या वंशावळीला दिलेला मान असतो.

पुढे १८२१मध्ये कन्हान नदीकाठी कामठीची छावणी वसली आणि मद्रासच्या पलटणी पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिल्या. पण याच शतकाच्या अखेरीस थट्टेला विष चढले. आधी मद्रास फौजेचे आणि १८८५पासून साऱ्या हिंदुस्थानी फौजेचे सरसेनापती असलेले लॉर्ड रॉबर्ट्‌स यांचे मत असे, की दक्षिणेचा शिपाई लढाऊ उरलेला नाही. लढाऊ जाती उत्तरेतच. मेसमध्ये बोलली जाणारी गोष्ट आता भरतीचा नियम झाली. मद्रासी पलटणी कमी होत गेल्या. १८९०च्या दशकाच्या सुरुवातीला महारांची भरती बंद झाली. कोरेगावच्या लढाईच्या स्मारकस्तंभावर ज्यांची नावे कोरलेली होती, त्यांच्या नातवंडांना छावणीचे दार बंद! माजी हवालदार गोपाळबाबा वलंगकरांनी सरकारसाठी विनंतिअर्ज तयार केला, पण दार उघडले नाही. तीन इलाख्यांच्या फौजा १८९५ साली एक झाल्या, ‘मल’ आणि ‘डक’ मागे पडले, पण ‘ही जात शूर, ती भित्री’ हा शिक्का कायम राहिला.

तो पुसायला दोन महायुद्धे लागली. पहिल्या युद्धात १११वी महार पलटण उभी राहिली आणि युद्धानंतर मोडली गेली. १ ऑक्टोबर १९४१ला बेळगावात महार रेजिमेंटची स्थापना झाली, त्यामागे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा आग्रह होता. तिची दुसरी पलटण १९४२ साली आपल्या कामठीतच उभी राहिली.

१९४९मध्ये जनरल करिअप्पांनी याहून मुळावर घाव घातला. पंजाब, ग्रेनेडियर्स, राजपुताना रायफल्स आणि राजपूत या चार रेजिमेंटच्या वडील पलटणी काढून त्यांनी गार्ड्‌स उभी केली, आणि कोणत्याही जातीचा, कोणत्याही प्रांताचा जवान तिथे येईल असे ठरवले. ज्या घरांतली थोरली लेकरे गेली त्यांना ते सहज पचले नसणार. आजही ग्रेनेडियर्सच्या पलटणी दोनपासून सुरू होतात. त्यांची पहिली आता ‘२ गार्ड्‌स’ आहे आणि जुने नाव ती कंसात अभिमानाने लावते. ‘पहला हमेशा पहला’ या वाक्याचा तोरा या चार वडीलपणांतून आला आहे.

त्या निर्णयाचा निकाल डिसेंबर १९७१मध्ये गंगासागरच्या लढाईत लागला. १४ गार्ड्‌सचे लान्स नायक अल्बर्ट एक्का यांनी जखमी अवस्थेत शत्रूची मशीनगन बंद पाडली आणि प्राण दिले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. गुमल्याकडच्या उरांव आदिवासी घरातला हा जवान. लढाऊ जातींच्या जुन्या यादीत त्याच्या जमातीला जागा नव्हती.

म्हणून मला वाटते, कामठीच्या जवानाने वायुसेना नगरच्या दोस्ताला गादीवरून जरूर चिडवावे, थंबीने गणपतची फिरकी घ्यावी. ज्याला उलट बोलता येते त्याच्या तोंडावर केलेली चेष्टा दोस्ती वाढवते. तीच चेष्टा भरतीच्या वहीत उतरली, की समोरच्याला उत्तर द्यायची सोय राहत नाही, आणि एका पिढीची भाकरी आणि इभ्रत दोन्ही जातात. फौजेने ही किंमत मोजून धडा घेतला आहे. ज्या कचेऱ्यांत आणि कारखान्यांत अजून आडनाव ऐकून माणसाची लायकी ठरते, त्यांनी तो कामठीकडून फुकट घ्यावा.