कल्याणच्या तारांतील दोन प्रवाह

एखादी संगणकप्रणाली स्वतः निर्दोष असूनही, ती ज्या तयार आज्ञासंचावर, म्हणजे लायब्ररीवर, विसंबून असते त्याची विसंगत आवृत्ती आली की बंद पडते. मग प्रणाली नव्याने लिहिणे, जुनी लायब्ररी तिच्यापुरती राखणे किंवा दोन्ही आवृत्त्या चालवून घेणारा दुवा मध्ये घालणे, एवढेच उपाय उरतात. ठाणे-कल्याण पट्ट्यातील रेल्वेने हाच पेच विजेच्या बाबतीत अनेक दशके सोसला.

३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत पहिली विजेची गाडी धावली ती १५०० व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर, म्हणजे डीसीवर; १९३० पर्यंत हीच व्यवस्था कल्याण ओलांडून पुणे आणि इगतपुरीपर्यंत पोहोचली, आणि तिच्यासाठी ठाकुर्लीला रेल्वेचे स्वतःचे वीजकेंद्रही उभे राहिले. त्या काळाच्या तंत्रज्ञानात ही निवड योग्यच होती. पुढे १९५७ मध्ये भारतीय रेल्वेने २५ हजार व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह, म्हणजे एसी, स्वीकारला. व्होल्टता इतकी वाढल्याने तेवढ्याच शक्तीसाठी तारेतून वाहणारा प्रवाह सतराव्या हिश्श्याच्या आसपास येतो आणि उपकेंद्रे दूरदूर ठेवता येतात. भुसावळकडून एसी इगतपुरीला येऊन ठेपल्यावर मात्र तेथे इंजिन बदलल्याशिवाय गाडी पुढे नेता येईना.

केवळ तारेतील वीज बदलून हे सुटणारे नव्हते, कारण सिग्नल, पूल आणि डबे हे सारे जुन्या प्रवाहाच्या भरवशावर उभे होते. रुळावर गाडी आहे की नाही हे ओळखणारे विद्युतमंडल, म्हणजे ट्रॅक सर्किट, रुळांतूनच काम करते आणि गाडीची परतीची वीजही त्याच रुळांतून जाते. म्हणून दोन्हींची गल्लत होऊ नये यासाठी डीसी मार्गावर एसीचे आणि एसी मार्गावर डीसीचे मंडल वापरावे लागते, अर्थात वरची वीज बदलली की खालचे मंडलही बदलावे लागते. उच्च व्होल्टतेला तारेभोवती अधिक मोकळे अंतर लागत असल्याने सखल पुलांखालची जागाही वाढवणे भाग होते.

हे सारे लाखो प्रवाशांची रोजची ये-जा चालू ठेवून करता आले, याचे मोठे श्रेय दोन्ही प्रवाहांवर चालणाऱ्या गाड्यांना द्यावे लागेल. कल्याण शेडची डब्ल्यूसीएएम-३ ही १९९७ च्या सुमाराची इंजिने एसीवर ५००० आणि डीसीवर ४६०० अश्वशक्ती देत. लोकलसाठीही तसेच दुहेरी रेक आले. एका प्रवाहासाठीच घडवलेल्या इंजिनापेक्षा अशी यंत्रणा अधिक गुंतागुंतीची असते, तरीही तात्पुरती म्हणून तिला कमी लेखणे अन्यायाचे ठरेल, कारण तिच्याविना टप्प्याटप्प्याने बदल अशक्य होता. जून २०१५ मध्ये मुख्य मार्ग मुंबईपर्यंत एसीवर आला, आणि एप्रिल २०१६ मध्ये हार्बर मार्गावर अखेरची डीसी लोकल धावली.