एकावन्न अंशांचा शनिवार

पुढे ज्या चार मित्रांचा दिवस येतो, ते कोणत्याही एका घटनेतले नाहीत. कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीत उन्हाळ्यात माणसं ज्या क्रमाने दगावतात, तो क्रम इथे या चौघांच्या एका दिवसावर मांडला आहे. ठिकाणं, उष्णतेचं गणित आणि शरीरात जे घडतं ते खरं आहे. चौघे मराठी, बे एरियात नोकरीला, पस्तिशी-चाळिशीतले. पिकअप ट्रक एकाच्या मालकीचा. एक नागपूरचा. शनिवारी दुपारी साडेतीनच्या सुमारास तो मरणार आहे.

शुक्रवार, दुपारी ४:३०
रिजक्रेस्ट. डेथ व्हॅलीआधीचं शेवटचं मोठं गाव. खरेदी: बर्फाच्या ४ पिशव्या, एकूण १८ किलो. बिअरचे २४ कॅन. अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या २४ बाटल्या आणि गॅलनचे २ कॅन, म्हणजे पाणी साडेएकोणीस लिटर. राष्ट्रीय उद्यानाची सूचना माणशी दिवसाला किमान ४ लिटरची आहे. चौघांचे दोन दिवस म्हणजे ३२ लिटर. "बर्फ आहे, बिअर आहे, पुरेल," असं ट्रकमालक म्हणतो. कोणी बेरीज करत नाही.

संध्याकाळी ६:५०
महामार्ग १९०, एमिग्रंट कॅन्यनचा फाटा. उजवीकडे वळलं तर वाइल्डरोझचा तळ १,२५० मीटर उंचीवर आहे, त्याच्या वर मॅहॉगनी फ्लॅट, २,५०० मीटर. दर ३०० मीटर चढलं की हवा दीड ते पावणेतीन अंशांनी उतरते. दरीचा तळ समुद्रसपाटीच्याही खाली आहे, त्यामुळे मॅहॉगनी फ्लॅट आणि तो तळ यांच्या तापमानात पंधरा-वीस अंशांचा फरक सहज पडतो. वाळवंटात गार राहण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग हाच, आणि त्याला वीज लागत नाही. मूळ बेत वाइल्डरोझचाच होता. पण गाडीतला एसी उत्तम चालतो आहे, खाली तारे दिसतील, ट्रकच्या हौद्यात झोपता येईल. ते सरळ जातात.

रात्री ९:४०
वेस्ट साइड रोडवरून जॉन्सन कॅन्यनची कच्ची वाट धरून ते मुक्कामाला थांबतात. हवा ३९ अंश. फोनला रेंज नाही, या उद्यानाच्या बहुतेक भागात ती नसतेच.

रात्री १०:३०
बर्फ वितळतो आहे. कॅन पाण्यात तरंगू नयेत म्हणून एक जण आइसबॉक्सच्या तळाची तोटी उघडतो. सहा लिटर गार पाणी रेतीत जातं.

या पाण्याचं मोल आकड्यांत सांगता येतं. एक किलो बर्फ वितळताना साधारण ८० किलोकॅलरी उष्णता शोषतो. एक लिटर पाणी अंगावरून वाफ होऊन गेलं तर साधारण ५८० घेऊन जातं. सात पट. वाळवंटातली कोरडी हवा हे काम विनामूल्य करते, अट एवढीच की पाणी अंगावर हवं.

रात्री ११:१५
हौद्यात दोन बॅटरीवरचे पंखे लावले आहेत. हवा अजून ३७ अंश, त्वचेहून गरम. कोरड्या अंगावर असा पंखा उलट ऊब देतो. नागपूरकर हे जाणतो. त्याच्या घरच्या कूलरला वाळ्याच्या ताट्या होत्या आणि त्यांच्यावर पाणी गळत असे. "चादरी भिजवू या का?" तो विचारतो. उत्तर येतं, "अरे, पाणी प्यायला ठेव." हे उत्तर शहाणपणाचं वाटतं, म्हणून कोणी वाद घालत नाही.

झोप येत नाही म्हणून नागपूरकर दुकानातून आणलेली झोपेची गोळी घेतो. अमेरिकेत चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या अशा बऱ्याच गोळ्यांत ॲलर्जीवरचंच औषध असतं. ते घाम कमी करतं, आणि सकाळीही त्याचा अंश अंगात असतो.

शनिवार, पहाटे ५:४५
सूर्योदय. सहाला निघायचं ठरलं होतं. पहाटे तीनपर्यंत कोणाला झोप लागली नव्हती, त्यामुळे सगळे झोपलेले. पारा रात्रभरात ३३ च्या खाली आलेला नाही. रात्र गार झाली तर शरीर सावरतं. ही रात्र तशी गेली नाही.

सकाळी ७:५०
चहा, पोहे, आवराआवर. आता उतरून डांबरी रस्त्याला लागायचं की कॅन्यनच्या तोंडापर्यंत जाऊन यायचं? "एवढ्या लांब आलोय." ट्रक वर वळतो.

सकाळी ८:२०
कोरड्या ओढ्याच्या पात्रात मागची चाकं रुततात. टायरमध्ये हवेचा दाब ३५ पीएसआय आहे. तो १८ पर्यंत उतरवला तर टायर पसरतो आणि बहुधा निघतो. पण पुन्हा हवा भरायला पंप नाही, म्हणून कोणी हवा सोडत नाही. रेस दिली जाते. चाकं आसापर्यंत खाली जातात.

सकाळी ८:२० ते ९:१०
फावडं नाही. तवा आणि हात. नागपूरकर सर्वांत जास्त खणतो. "मे महिन्यात आम्ही दुपारी क्रिकेट खेळायचो रे." ते खरं आहे. पण उन्हाची सवय अंगाला लागायला एक-दोन आठवडे लागतात आणि ती सुटायलाही काही आठवडेच पुरतात. गेली सहा वर्षं तो एसीत बसतो आहे. इथे घाम दिसतही नाही. बाहेर पडताक्षणी सुकतो, शर्टावर मिठाच्या पांढऱ्या रेघा राहतात. अशा कष्टात माणूस तासाला एक ते दीड लिटर घाम गाळतो. त्याला वाटतं, आपल्याला फारसा घाम आलाच नाही.

सकाळी ९:१५
हवा ४२ अंश. प्यायचं पाणी सात लिटर. टाकीत पेट्रोल २४ लिटर. चौघे आत बसून इंजिन आणि एसी सुरू करतात. उभ्या गाडीत हे तासाला साधारण दोन लिटर पेट्रोल पितं. हिशोबाने संध्याकाळपर्यंत पुरतं. आतापर्यंतचा हा सर्वांत योग्य निर्णय आहे.

सकाळी १०:०५
एका फोनमध्ये उपग्रहावरून एसओएस पाठवायची सोय आहे. दोन्ही बाजूंना कडे आहेत, आकाश मोकळं नाही. दोनशे मीटरवरच्या उंचवट्यावर गेलं तर संदेश जाईल. चर्चा होते. हेलिकॉप्टर आलं तर बिल किती? गाडी ओढून न्यायचे हजारो डॉलर्स. आणि ऑफिसात काय सांगायचं? "बारापर्यंत बघू. कोणी ना कोणी येईलच." जुलैत या वाटेवर क्वचितच कोणी येतं.

एवढा एक संदेश तेव्हा गेला असता तर पुढचं काही लिहावं लागलं नसतं.

सकाळी ११:३०
इंजिनच्या तापमानाचा काटा चढतो. एसी बंद करून दारं उघडतात. ट्रकच्या कडेला ताडपत्री बांधून सावली करतात. हवा ४६. आइसबॉक्समध्ये सहा किलो बर्फ आणि त्याभोवती पाच लिटर बर्फाचं पाणी. त्यात कोंबडीच्या मांसाची फुटकी पाकिटं तरंगत आहेत, म्हणून ते प्यायचं नाही असं ठरतं. अंगावर घ्यायला ते चालतं, हे कोणाच्या मनात येत नाही. गार राहण्याची सगळी व्यवस्था त्यांनी ट्रकवर सोपवली होती. ट्रक थांबल्यावर उरलेलं साधन समोर असून दिसत नाही.

दुपारी १२:१०
काटा उतरलेला आहे, एसी पुन्हा लावता येईल. त्याच वेळी नागपूरकर उठतो. "वेस्ट साइड रोड सहा किलोमीटर. उतारच आहे. तासा-सव्वा तासात पोचतो." बिघडलेली गाडी सोडू नका, ही उद्यानाची स्पष्ट सूचना आहे. गाडी सावली देते आणि वरून दिसते. माणूस दिसत नाही. इथून दक्षिणेला ॲन्व्हिल कॅन्यनमध्ये १९९६ च्या ऑक्टोबरात चार जर्मन पर्यटकांची मिनिव्हॅन टायर फुटलेल्या अवस्थेत सापडली. ते जुलैत तिथे शिरले होते. गाडी सोडून गेलेल्यांपैकी काहींची हाडं सापडायला २००९ उजाडलं.

"एकटा नको जाऊस रे," एवढं दोघे म्हणतात. पण त्याच्यासोबत कोणी उठत नाही, आणि त्याला अडवतही नाही. उरलेल्या साडेचार लिटरमधलं दीड लिटर तो घेतो. टोपी, गॉगल. अंगावरचा शर्ट कोरडा.

दुपारी १२:१५
हवा ४८ अंश. त्वचेचं तापमान साधारण ३५ असतं. हवा त्याहून गरम असली की शरीराला बाहेरून उष्णता मिळत राहते, चालणारे स्नायू आतून भर घालतात आणि ती बाहेर टाकायला घामाखेरीज मार्ग उरत नाही. पायाखालची जमीन हवेपेक्षा कितीतरी तापलेली असते. या दरीत १९७२ च्या जुलैत जमिनीचं तापमान ९४ अंश मोजलं गेलं होतं.

दुपारी १:२०
ट्रकमालक उंचवट्यावर चढतो. तापलेला फोन दोनदा इशारा देऊन मंदावतो. बहुतेक स्मार्टफोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात. तो फोन सावलीत धरतो, पुन्हा प्रयत्न करतो. संदेश जातो. दहा वाजून पाच मिनिटांनी सुचलेली गोष्ट सव्वातीन तासांनी झाली.

पलीकडून प्रश्न येतात: किती जण, कुठे, पाणी किती. मग सूचना: गाडीजवळ राहा, सावलीत राहा, कपडे ओले करा. तिघे आता आइसबॉक्सचं पाणी शर्टांवर ओततात. तिघे वाचतात ते यामुळे.

दुपारी १:३५
हेलिकॉप्टर येणार नाही. हवा इतकी तापली की विरळ होते आणि पात्यांना पुरेशी उचल मिळत नाही. साधारण ४९ अंशांच्या वर इथे ते उडवत नाहीत. ६ जुलै २०२४ रोजी बॅडवॉटरजवळ सहा मोटारसायकलस्वारांचा गट उष्णतेत सापडला. पारा ५३.३ वर होता आणि हेलिकॉप्टर येऊ शकलं नाही. एक जण जागीच मरण पावला. आजही रेंजर जमिनीवरून निघतात, कच्च्या रस्त्याने, जपून.

दुपारी १:४५
नागपूरकर साडेतीन किलोमीटरवर आहे. खडीत पाऊल घसरतं, वेग अपेक्षेच्या निम्म्यावर आला आहे. पोटरीत गोळे, डोकं ठणकतं, मळमळ. एखाद्या झुडपाशी तो बसतो. क्रिओसोटच्या झुडपाला सावली नावापुरती असते. इथून पुढचं त्याने कोणाला सांगितलं नाही. शोधपथकं ते पावलांच्या ठशांवरून वाचतात.

दुपारी २:२०
ठसे वाट सोडतात. समोर दरीत मिठाचं पांढरं मैदान आहे, तिकडे सरळ रेघेत जातात. मग वळतात. मग स्वतःलाच छेदतात. शरीराच्या आतलं तापमान ४० च्या पुढे गेलं की आधी विचार बिघडतात. ज्याने निर्णय घ्यायचा तो मेंदूच आता शाबूत नाही.

दुपारी ३:००
टोपी एका ठिकाणी, एक बूट दुसऱ्या ठिकाणी. पारा ५१.

दुपारी ४:०५
रेंजरांची गाडी जॉन्सन कॅन्यनची वाट चढते आहे. वाटेपासून ऐंशी मीटरवर त्यांना निळा शर्ट दिसतो. ट्रकपासून चार किलोमीटर, वेस्ट साइड रोडपासून दोन. श्वास नाही, नाडी नाही. बाटलीत ३०० मिलिलिटर पाणी शिल्लक आहे. उष्माघात म्हणजे केवळ तहान नव्हे. पाणी पोटात असूनही शरीराची भट्टी होऊ शकते, आणि तेव्हा उपाय एकच असतो: रुग्णाला हलवण्याआधी जागेवरच गार करणं, शक्य तर बर्फाच्या पाण्यात बुडवून.

दुपारी ४:४०
रेंजर ट्रकपाशी पोचतात. तिघे शुद्धीवर आहेत. "तो भेटला ना वाटेत?" ट्रकमालक विचारतो.

मोजदाद होते. पिण्याचं पाणी एक लिटर. आइसबॉक्समध्ये तीन किलो बर्फ आणि तीन लिटर बर्फाचं पाणी. बिअरचे १४ कॅन. टाकीत पेट्रोल १५ लिटर, एसी चालू स्थितीत. रेंजरांच्या गाडीत आणखी ४० लिटर पाणी. संदेश गेल्यापासून ही गाडी ट्रकपाशी यायला ३ तास २० मिनिटं लागली. तो सकाळी १०:०५ ला गेला असता तर दीडच्या आधी ती इथे आली असती.