उसनी साखर

२०२४ च्या ऑगस्टची पहिली तारीख. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये नेमबाजीचे कांस्यपदक मिळवले आणि आमच्या कोल्हापुरात आनंदीआनंद झाला. दुसऱ्या दिवशी वर्गातही साखर वाटली गेली. मी हौसेने फळ्यावर ‘अभिमान’ असा शब्द लिहिला. तोच मागच्या बाकावरून एक पोरगा उठला.

“गुरुजी, गर्वाचं घर खाली, हे तुम्हीच शिकवलं. आन् आज अभिमान बाळगा म्हणताय. दोन्ही एकच की!”

शब्दकोश या कामी येत नाही. तो गर्वाला अभिमान म्हणतो आणि अभिमानाला गर्व. तेव्हा मी खडू खाली ठेवला आणि खाशाबा जाधवांची गोष्ट सांगायला घेतली.

खाशाबा जन्मले १५ जानेवारी १९२६ रोजी, कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावी. घरात कुस्ती वडिलांपासूनची. शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात आले. शाहू महाराजांनी खासबागेचे मैदान उभारलेले, गल्लोगल्ली तालमी. पैलवानाला याहून दुसरे माहेर कोणते? १९४८ साली कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने ते लंडनच्या ऑलिंपिकला गेले. आयुष्य लाल मातीत गेलेले, आणि तिथे एकदम गादी! तरी सहावा क्रमांक आला. दुसरा कोणी एवढ्यावर मिशीला पीळ देत हिंडला असता. खाशाबांना मात्र ते सहावेपण बोचत राहिले. मुलांना मी म्हटले, गर्विष्ठ माणूस इथेच थांबतो.

१९५२ च्या हेलसिंकीला जायचे तर पैसे नव्हते. गावोगावी वर्गणी मागितली गेली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर स्वतःचे राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. त्या काळचे सात हजार! (घर गहाण टाकताना घरच्या मंडळींना ते काय म्हणाले असतील, हा विचार मला, एक संसारी मास्तर म्हणून, नेहमी छळतो.) हेलसिंकीला बँटमवेट गटात खाशाबांनी कांस्यपदक मिळवले. सोने जपानच्या इशीने नेले, रुपे सोव्हिएत संघाच्या मल्लाने. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परत आल्यावर कऱ्हाडपासून गोळेश्वरापर्यंत शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. त्यानंतर खाशाबांनी काय करावे? कोल्हापुरात कुस्त्या लावल्या, आणि त्या पैशातून खर्डेकरांचे कर्ज फेडले.

“त्या गाड्यांतल्या माणसांना वाटला तो अभिमान,” मी म्हणालो. “त्यांचा पैसा, त्यांचे धान्य त्या पदकात होते.”

गोष्ट इथेच संपवावी असे मनात होते. पण मुले ‘पुढं?’ म्हणतात, आणि पुढचे सांगायला जीभ जड होते. त्याच हेलसिंकीत आपल्या हॉकी संघाने सुवर्णपदक आणले होते. देशाने तो जल्लोष केला. खाशाबा १९५५ मध्ये पोलीस खात्यात फौजदार झाले. निवृत्तीनंतर पेन्शनसाठी खेटे घालावे लागले. १९८४ साली रस्त्यावरच्या अपघातात ते गेले. १९९६ मध्ये लिअँडर पेसने टेनिसचे कांस्यपदक आणले, तेव्हा आधीचे वैयक्तिक पदक कोणाचे याची शोधाशोध झाली आणि चव्वेचाळीस वर्षांपूर्वीचा गोळेश्वरचा पैलवान लोकांना आठवला. अर्जुन पुरस्कार मिळाला, पण तो स्वीकारायला ते नव्हते. दिल्लीच्या एका कुस्ती संकुलाला त्यांचे नावही दिले गेले. स्वप्नीलचे पदक आले तेव्हा महाराष्ट्राच्या दुसऱ्या वैयक्तिक पदकाला बहात्तर वर्षे लागली, असे जो तो सांगू लागला; त्या निमित्ताने पुन्हा एकदा खाशाबा निघाले.

वर्ग गप्प झाला. मागच्या बाकावरचा पोरगा मात्र अजून उभाच होता. तळहातावरची साखर घामाने चिकट झाली होती.

“गुरुजी, त्या बैलगाडीवाल्यांनी वर्गणी दिलती. स्वप्नीलदादाला आम्ही काय दिलं?”

मी खरे ते सांगितले. काही नाही.

“मग ही साखर उसनी म्हणायची?”

“उसनीच,” मी म्हणालो.

त्याने क्षणभर विचार केला, साखर तोंडात टाकली, आणि तळहात चड्डीला पुसत विचारले, “आपल्या शाळेत रायफल कधी येणार?”