कराचीहून निघालेले टपाल : एअर इंडियाची वाटचाल

१९२९ साली इम्पीरियल एअरवेजने लंडन ते कराची हवाई टपाल सुरू केले, तेव्हा हिंदुस्थानापुरता विमानाचा प्रवास कराचीतच संपत होता. हजारो मैलांवरून काही दिवसांत आलेली पत्रे तिथे उतरायची आणि पुढे मुंबई-मद्रासला रेल्वेने जायची. हा पुढचा टप्पा हवेतून जोडता येईल, हे प्रथम ओळखले नेव्हिल व्हिन्सेंट या वैमानिकाने. त्याने आपली योजना टाटांकडे नेली. तरुण जे. आर. डी. टाटांनी त्याच वर्षी वैमानिकाचा परवाना मिळवला होता, आणि तो या देशात दिलेला पहिलाच परवाना होता. सर दोराबजी टाटांनी दोन लाख रुपये गुंतवायला मान्यता दिली. सरकारने अनुदान देण्यास नकार दिला, तेव्हा टाटांनी अनुदानाशिवाय, केवळ नेलेल्या टपालाच्या मोबदल्यावर सेवा चालवण्याची तयारी दाखवली. एप्रिल १९३२ मध्ये दहा वर्षांचा करार झाला. दोराबजींना मात्र पहिले उड्डाण पाहायला मिळाले नाही. जून १९३२ मध्येच जर्मनीत त्यांचे निधन झाले.

१५ ऑक्टोबर १९३२ च्या सकाळी कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून एक इंजिनाचे 'पस मॉथ' विमान घेऊन जे. आर. डी. एकटेच निघाले. सोबत जेमतेम २५ किलो टपाल होते. वाटेत अहमदाबादला पेट्रोल भरायचे होते. तिथे ते बैलगाडीतून आले, चार-चार गॅलनच्या डब्यांतून, आणि मैदानातच विमानात ओतले गेले. दुपारी विमान जुहूला उतरले. पुढचा बेळ्ळारी-मद्रासचा टप्पा व्हिन्सेंटने पार पाडला. याच तारखेला, बरोबर ९३ वर्षांनी, सोलापूरच्या होटगी रस्त्यावरील विमानतळावरून मुंबईची प्रवासी सेवा सुरू झाली. ती कंपनी निराळी आहे, पण सोलापूरकरांना १५ ऑक्टोबर लक्षात ठेवायला आता दोन कारणे आहेत.

जुहूला तेव्हा विमानतळ म्हणण्यासारखे काहीच नव्हते. समुद्रालगतची चिखलाची सपाटी हीच धावपट्टी. पावसाळा लागला की ती पाण्याखाली जाई आणि सारा कारभार पुण्याला हलवावा लागे. दोन विमाने, हाताच्या बोटांवर मोजता येतील इतके वैमानिक आणि मिस्त्री, असा हा संसार. जमिनीवरून दिशा सांगणारी यंत्रणा नव्हती. वैमानिक रेल्वेचे रूळ, नद्या आणि डोंगरांच्या खुणा पाहत वाट काढत. तरीही पहिल्या वर्षी सुमारे एक लाख साठ हजार मैलांची उड्डाणे झाली, १५५ प्रवासी गेले आणि साठ हजार रुपये नफा झाला. वक्तशीरपणा हीच या सेवेची खरी कमाई होती. स्वदेशी भांडवलावर मोठे उद्योग उभे राहण्याचा तो काळ होता. आपल्या सोलापूर जिल्ह्यातही १९३४ साली चंद्रशेखर आगाशे यांनी बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट स्थापन केली आणि तिच्या कारखान्याभोवती श्रीपूर वसले. ऊस आणि विमान यांचा एरवी काही संबंध नाही. परदेशी कंपन्यांनी जे करायचे ते आपणही करू शकतो, हा विश्वास मात्र दोन्हींच्या मुळाशी एकच होता.

१९३८ पासून कंपनी 'टाटा एअरलाइन्स' या नावाने ओळखली जाऊ लागली. युद्धाच्या काळात विमाने सरकारी कामाला लागली. १९४२ मध्ये इंग्लंडहून परतताना व्हिन्सेंट बेपत्ता झाला. त्याचे विमान फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ पाडले गेले असे मानले जाते. या संस्थेच्या इतिहासात जे. आर. डीं.चे नाव नेहमी पुढे येते आणि ते रास्तही आहे. पण योजना घेऊन पहिल्यांदा दार ठोठावणारा माणूस व्हिन्सेंट होता, याची नोंद ठळकपणे व्हायला हवी. २९ जुलै १९४६ रोजी टाटा एअरलाइन्सची 'एअर इंडिया' ही सार्वजनिक कंपनी झाली. त्याच वर्षी बॉबी कूका यांच्या कल्पनेतून आणि मुंबईचे चित्रकार उमेश राव यांच्या कुंचल्यातून 'महाराजा' जन्मला.

पुढच्याच वर्षी फाळणी झाली. ज्या शहरातून पहिले टपाल निघाले ते कराची परक्या देशात गेले. कंपनीच्या विमानांतून त्या दिवसांत टपालाऐवजी निर्वासित माणसे आली. मागे उरले त्यावर थांबून राहायला वेळ नव्हता. ८ जून १९४८ रोजी 'मलबार प्रिन्सेस' हे कॉन्स्टेलेशन विमान मुंबईहून कैरो-जिनिव्हामार्गे लंडनला गेले, आणि स्वतंत्र भारताची आंतरराष्ट्रीय सेवा सुरू झाली. १ ऑगस्ट १९५३ ला राष्ट्रीयीकरण झाले. दूरच्या देशांची सेवा एअर इंडिया इंटरनॅशनलकडे आली. आठ खासगी कंपन्या एकत्र करून बनलेल्या इंडियन एअरलाइन्सकडे देशांतर्गत आणि शेजारच्या देशांची उड्डाणे गेली. २००७ मध्ये या दोन्ही संस्था एक झाल्या, म्हणून दोघींची वाटचाल इथे एकत्रच सांगणे योग्य.

या संस्थेसाठी माणसांनी काय किंमत मोजली, हे ११ एप्रिल १९५५ च्या एका घटनेतून कळते. बांडुंग परिषदेला जाणारे चिनी शिष्टमंडळ घेऊन एअर इंडियाचे 'काश्मीर प्रिन्सेस' हे विमान हाँगकाँगहून निघाले होते. विमानात लपवलेल्या बॉम्बचा आकाशात स्फोट झाला. कॅप्टन डी. के. जटार यांनी पेटलेले विमान समुद्रावर उतरवण्याचा प्रयत्न केला. १९ पैकी १६ जण दगावले, त्यांत जटार आणि हवाई सुंदरी ग्लोरिया बेरी होत्या. वाचले ते तिघेही कर्मचारी होते : सहवैमानिक दीक्षित, नॅव्हिगेटर पाठक आणि देखभाल अभियंता अनंत कर्णिक. कर्णिकांनी पुढे या घटनेवर पुस्तक लिहिले. पाचही जणांचा अशोकचक्र श्रेणीतील सन्मानांनी गौरव झाला.

शेजारच्या देशांची सेवा कागदावर सर्वांत सोपी वाटते. अंतर कमी, इंधन कमी, भाषा ओळखीच्या. प्रत्यक्षात संस्थेला सर्वांत जास्त वेळा माघार घ्यावी लागली ती इथेच. सप्टेंबर १९६५ मध्ये युद्ध पेटले आणि पाकिस्तानची उड्डाणे थांबली. ताश्कंद करारानंतर एकमेकांच्या आकाशातून विमाने पुन्हा जाऊ लागली. ३० जानेवारी १९७१ रोजी श्रीनगरहून जम्मूकडे जाणारे इंडियन एअरलाइन्सचे 'गंगा' हे फोकर विमान लाहोरला पळवून नेण्यात आले. प्रवासी सुखरूप परतले, पण २ फेब्रुवारीला विमान जाळण्यात आले. दोन दिवसांत भारताने पाकिस्तानी विमानांना आपले आकाश बंद केले. हा दुरावा पाच वर्षांहून अधिक टिकला. जुलै १९७६ मध्ये विमाने पुन्हा सुरू झाली.

१९७८ मध्ये जे. आर. डी. अध्यक्षपदावरून दूर झाले. सरकारने तो निर्णय ज्या रीतीने घेतला, ती रीत या संस्थेच्या इतिहासाला शोभणारी नव्हती. तरी १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, पहिल्या उड्डाणाच्या सुवर्णमहोत्सवाला, ७८ वर्षांचे जे. आर. डी. जुन्या बनावटीचे 'लेपर्ड मॉथ' घेऊन कराचीहून पुन्हा एकटे निघाले आणि जुहूला उतरले. दोन देशांत तीन युद्धे होऊन गेली होती. तरीही त्या दिवशी हा मार्ग मोकळा होता. १९८५ मध्ये कॅप्टन सौदामिनी देशमुख आणि निवेदिता भसीन यांनी कोलकाता-सिलचर हे संपूर्ण महिला चमूचे उड्डाण केले. १९९० मध्ये आखाती संकटात कुवेत सोडून अम्मानला पोहोचलेल्या एक लाखाहून अधिक भारतीयांना ५९ दिवसांत मायदेशी आणण्याचे कामही याच दोन संस्थांनी केले.

२४ डिसेंबर १९९९ रोजी काठमांडूहून दिल्लीला येणारे इंडियन एअरलाइन्सचे आयसी-८१४ हे विमान पळवण्यात आले. कंदाहारला आठवडाभर प्रवासी ओलीस राहिले, एका तरुण प्रवाशाचा जीव गेला. त्यानंतर इंडियन एअरलाइन्सने नेपाळची सेवाच काही महिने थांबवली. भारत-नेपाळ प्रवासाला पासपोर्ट लागत नाही. भारतीय पर्यटक, यात्रेकरू आणि कामगार यांच्या भरवशावर चालणारी काठमांडूची हॉटेले त्या काळात ओस पडली. विमानतळावरची सुरक्षा तपासणी कडक करण्याचे ठरल्यावर सेवा परत सुरू झाली. ही माघार योग्य होती. प्रवाशाच्या जिवाची खात्री देता येत नसेल तर तिकीट विकू नये, ही साधी शिस्त संस्थेने तोटा सोसून पाळली.

संसदेवरील हल्ल्यानंतर १ जानेवारी २००२ पासून पाकिस्तानशी हवाई संबंध तुटले, ते दोन वर्षांनी, १ जानेवारी २००४ ला जुळले. पण आता मार्ग पूर्वीसारखा भरला नाही. व्हिसा मिळणे कठीण आणि प्रवासी थोडे. २००८ नंतर एकाही भारतीय कंपनीचे नियमित विमान पाकिस्तानात गेले नाही. मुंबई-कराची चालवणारी पाकिस्तानची सरकारी कंपनीही मे २०१७ मध्ये थांबली. कोणतेही युद्ध झाले नाही, कोणी बंदीही घातली नाही. आसने रिकामी राहू लागली आणि हा मार्ग मिटला.

२०१९ मध्ये बालाकोटवरील भारताच्या हवाई हल्ल्यानंतर पाकिस्तानने आकाश बंद केले. फेब्रुवारीअखेरीपासून जुलैच्या सुरुवातीपर्यंतच्या वळशात एअर इंडियाचे ४९१ कोटी रुपये गेले. कर्जाने वाकलेल्या संस्थेला हा घाव मोठा होता. १५ ऑगस्ट २०२१ ला काबूल पडत असताना एअर इंडियाचे विमान शहरावर तासाभराहून अधिक काळ घिरट्या घालत राहिले, मग उतरले आणि १२९ प्रवाशांना घेऊन दिल्लीला परतले. ऑगस्ट २०२४ मध्ये ढाक्यात सत्ता उलथली, तेव्हा नियमित उड्डाणे रद्द झाली आणि दोन दिवसांत विशेष विमानाने अडकलेली माणसे आणण्यात आली.

२७ जानेवारी २०२२ रोजी १८ हजार कोटी रुपयांच्या व्यवहाराने संस्था टाटा समूहाकडे परतली. नवी विमाने मागवली गेली, जुन्यांची दुरुस्ती सुरू झाली. पहलगामच्या हल्ल्यानंतर २४ एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानचे आकाश पुन्हा बंद झाले. हे वर्षभर चालले तर सुमारे ६० कोटी डॉलरचा भार पडेल, असे कंपनीने सरकारला कळवले. दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना व्हिएन्ना किंवा कोपनहेगनला इंधनासाठी थांबावे लागले. त्याच वर्षी १२ जूनला अहमदाबादहून लंडनला निघालेले विमान उड्डाणानंतर काही क्षणांतच कोसळले. विमानातील २४२ पैकी फक्त एक जण वाचला. संस्थेच्या अलीकडच्या काळातला हा सर्वांत काळा दिवस. ज्या अहमदाबादला बैलगाडीने पेट्रोल आणून पहिल्या उड्डाणाला हात दिला होता, त्याच शहराने त्या दिवशी जळत्या ढिगाऱ्यातून माणसे बाहेर काढली.

आज एअर इंडियाची विमाने काठमांडूला जातात, कोलंबोला जातात, ढाक्याला जातात. कराचीला जात नाहीत. मुंबईहून कराचीला निघालेला प्रवासी आधी दुबईला जातो, तिथे विमान बदलतो आणि मग पूर्वेकडे परत वळतो. बसवर बस बदलावी तसा त्याचा दिवस जातो. १९३२ चे पस मॉथ सकाळी कराचीहून निघून, वाटेत पेट्रोलचे डबे ओतून घेऊन, दुपारच्या जेवणाच्या वेळी जुहूला पोहोचले होते.