ईटिंग डिसऑर्डर होऊन गेलेल्यांनी वजन कमी करताना

‘वजन कमी करा’ हा आपल्याकडे सगळ्यात सहज दिला जाणारा सल्ला आहे. गुडघे दुखतात, पाळी अनियमित आहे, साखर वाढली आहे, लग्न जमत नाही, भरतीची तारीख लागली आहे, सगळ्याला उत्तर एकच. पण ज्यांना पूर्वी ईटिंग डिसऑर्डर, म्हणजे खाण्याशी निगडित मानसिक आजार होऊन गेला आहे, त्यांच्यासाठी हाच सल्ला जुना आजार परत आणू शकतो. दारू सोडलेला माणूस दारूच्या दुकानापासून लांब राहू शकतो. अन्नापासून लांब राहता येत नाही. दिवसातून तीन वेळा ताटासमोर बसावेच लागते.

हा लेख अशा तरुण-तरुणींसाठी आणि त्यांच्यासोबत असणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी आहे. यात कॅलरीचा किंवा ‘आदर्श वजना’चा एकही आकडा दिलेला नाही, तो मुद्दामच. हे आकडे डोक्यात कसे चिकटून बसतात, हे आजारातून गेलेल्यांना सांगायला नको.

आजार ओळखला न जाणे

मुख्य प्रकार तीन. अ‍ॅनोरेक्सियात माणूस खाणे तोडत जातो, वजन धोकादायकरीत्या उतरते, तरी आपण जाड आहोत असेच त्याला वाटत राहते. बुलिमियात ताबा सुटून खूप खाल्ले जाते आणि मग ते ‘फेडण्यासाठी’ उलटी काढणे, जुलाबाच्या गोळ्या, उपाशी राहणे किंवा अतिव्यायाम सुरू होतो. बिंज ईटिंगमध्ये ताबा सुटून खाणे असते, नंतरची लाज असते, पण फेडण्याचा प्रकार नसतो. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने 2013 साली आपल्या निदान-पुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीत बिंज ईटिंगला स्वतंत्र आजाराचा दर्जा दिला. आपल्या घरांमध्ये त्याला अजूनही ‘हावरटपणा’च म्हणतात.

हा श्रीमंतांच्या बारीक मुलींचा आजार आहे, ही समजूत सगळ्यात जास्त नुकसान करते. तो मुलांना होतो, जाड माणसांना होतो, गरिबांनाही होतो. अमेरिकेत टेक्सासमधील सॅन अँटोनिओ शहरात मोफत धान्य घ्यायला येणाऱ्या लोकांचा अभ्यास झाला होता. ज्यांच्या घरी अन्नाची टंचाई जास्त, त्यांच्यात ताबा सुटून खाण्याचे प्रमाणही जास्त आढळले. यात नवल काही नाही. मजुरी हातात आली की पोटभर आणि महिनाअखेरीस चहा-पाव, हे चक्र ज्या घरांनी पाहिले आहे त्यांना ते कळेल. आपल्या वस्त्यांमधून असे रुग्ण ‘अ‍ॅसिडिटी’, ‘अशक्तपणा’ किंवा ‘पोटाचा त्रास’ या नावांनी दवाखान्यात जातात आणि गोळ्या घेऊन परत येतात.

कडक डाएट का उलटते

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, 1944-45 मध्ये, अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी एक प्रयोग केला. सैन्यात लढायला नकार दिलेले 36 तरुण त्यात स्वेच्छेने सहभागी झाले. शरीराने आणि मनाने धडधाकट असलेलेच निवडले होते. सहा महिने त्यांना अर्धपोटी ठेवले गेले. हळूहळू ते चिडचिडे, एकलकोंडे झाले. दिवसभर डोक्यात अन्न. काही जण पाककृतींची पुस्तके जमवू लागले. पुढे पुरेसे अन्न मिळू लागल्यावरही त्यांच्यातल्या अनेकांना खाताना थांबता येईना, पोट तुडुंब भरले तरी भूक भागत नसे.

यांपैकी कोणालाही आधी ईटिंग डिसऑर्डर नव्हता. म्हणजे ताबा सुटणे हा इच्छाशक्तीचा कमकुवतपणा नाही, उपासमारीला शरीर-मनाने दिलेले ते उत्तर आहे. धडधाकट तरुणांचे असे होते, तर ज्याला हा आजार होऊन गेला आहे त्याने सोमवारपासून भात-चपाती बंद करण्याचा काय परिणाम होईल, याचा अंदाज करता येतो.

क्रम महत्त्वाचा

आधी खाणे स्थिर, मग वजनाचा विचार. हा क्रम उलटा करायचा नाही.

ज्यांना अ‍ॅनोरेक्सिया होऊन गेला आहे, त्यांच्या मनात ‘थोडेसेच कमी करू’ हा विचार आला तर तो आधी आजाराचे लक्षण धरावा. मानसोपचारतज्ज्ञाने तपासून वेगळे सांगितल्याशिवाय त्यावर कृती करू नये. बुलिमिया किंवा बिंज ईटिंग असेल, तर ताबा सुटणे आणि फेडणे हे चक्र निदान काही महिने थांबलेले असावे, नंतरच पुढचे बोलणे.

डॉक्टरांना ‘वजन नेमके कशासाठी कमी करायचे?’ हा प्रश्न जरूर विचारा. उत्तर साखर, रक्तदाब, फॅटी लिव्हर किंवा पीसीओएस असेल, तर उद्दिष्ट तिथेच ठेवता येते. रोजचे चालणे, पुरेशी झोप आणि औषधे यांनी साखर आणि रक्तदाब सुधारतात, काटा फारसा हलला नाही तरी. तीन महिन्यांच्या साखरेचा रिपोर्ट हे वजनकाट्यापेक्षा चांगले मोजमाप आहे. उत्तर ‘लग्न’ असेल, तर तो वैद्यकीय प्रश्न नाही.

ऑक्सफर्डच्या ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी विकसित केलेल्या उपचारपद्धतीचा पाया अगदी साधा आहे: ठरलेल्या वेळी खाणे. दिवसात तीन जेवणे, मध्ये दोन-तीन वेळा थोडेसे, आणि दोन खाण्यांमध्ये साधारण चार तासांपेक्षा जास्त अंतर नाही. आपल्या घरात याचा अर्थ सकाळी पोहे किंवा चहा-चपाती, दुपारचा डबा, संध्याकाळी मूठभर फुटाणे-शेंगदाणे, रात्री भाकरी-वरण-भाजी. त्यासाठी वेगळा किराणा लागत नाही. अडचण वेळेची असते. अभ्यासिकेत सकाळी आठला बसून चारला उठणारे एमपीएससीचे विद्यार्थी आणि रात्रपाळीवाले यांचे अंतर इथेच वाढते. बॅगेत फुटाण्यांची पुडी ठेवणे हा त्यांच्यासाठी उपचाराचाच भाग आहे.

एखादा पदार्थ कायमचा बंद करू नका. बंद केलेला वडापाव डोक्यात मोठा होत जातो. ताटातून काढण्याऐवजी ताटात घाला: डाळ, उसळ, पालेभाजी. आणि कधी ताबा सुटून खाल्ले गेलेच, तर पुढचे जेवण ठरल्या वेळी घ्यायचे. ते चुकवले की चक्र पुन्हा सुरू झाले. हा एक नियम पाळता आला तरी खूप झाले.

वजन घरी रोज करू नये. आठवड्यातून एकदा, शक्यतो उपचार करणाऱ्यासोबत पुरे. आकडा त्रास देत असेल तर काट्यावर पाठमोरे उभे राहता येते. आकडा डॉक्टरांनी पाहावा. कॅलरी मोजणारी अ‍ॅप मोबाईलमधून काढून टाका.

भरती, जिम आणि उपोसथ

पोलीस भरतीत मुलांना 1600 मीटर आणि मुलींना 800 मीटर धावावे लागते. आपली अनेक मुले-मुली त्यासाठी पहाटे मैदानावर असतात, आणि वेग वाढावा म्हणून त्याच काळात जेवण तोडतात. मुलीची पाळी थांबली तर ‘सरावामुळे होते’ म्हणून सोडून दिले जाते. प्रत्यक्षात ते शरीराला अन्न कमी पडत असल्याचे लक्षण आहे, आणि तसेच चालू राहिले तर हाडे ठिसूळ होऊन बारीक फ्रॅक्चर होतात. पूर्वी आजार होऊन गेला असेल तर धावण्याचा सराव पोटभर जेवूनच करायचा.

जिममधले ‘इंटरमिटंट फास्टिंग’ आणि नवरात्रातले कडक उपवास यांचा धोका सारखाच: न खाण्याला समाजमान्यता मिळते आणि घरच्यांना संशय येत नाही. हेच वर्षावासात अष्टशील घेताना होऊ शकते. दुपारनंतर न जेवण्याचे शील जुन्या रुग्णाच्या हाती आजाराचे सोयीचे निमित्त बनते. आजारी भिक्खूंना तूप, लोणी, तेल, मध आणि गूळ हे औषध म्हणून विकाळीही घेण्याची मुभा विनयात आहे. त्यामुळे उपासक-उपासिकांनी भन्तेजींना आजार सांगून पंचशीलावर थांबावे. यात कमीपणा काही नाही.

औषधांबाबत

हा भाग डॉक्टरांशीही मोकळेपणाने बोलावा, कारण जुना आजार त्यांना सांगितलेलाच नसतो. बुप्रोपिऑन हे औषध नैराश्यासाठी आणि सिगारेट सोडवण्यासाठी दिले जाते. काही देशांत ते वजनाच्या गोळीतही असते. अ‍ॅनोरेक्सिया किंवा बुलिमिया असलेल्यांना किंवा होऊन गेलेल्यांना ते देऊ नये, झटके येण्याचा धोका असतो. माऊंजारो आणि वेगोव्ही ही इंजेक्शने 2025 मध्ये भारतात आली. ती भूकच मारतात, मळमळ-उलट्याही होऊ शकतात. पूर्वेतिहास न सांगता, ओळखीच्या मेडिकलवाल्याकडून ती घेणे म्हणजे अंधारात उडी आहे. जुलाबाच्या गोळ्यांनी चरबी जात नाही. अन्नाचे शोषण लहान आतड्यात आधीच झालेले असते, बाहेर जाते ते पाणी आणि क्षार. टाइप 1 मधुमेहात वजनासाठी इन्सुलिन चुकवणे थेट जिवावर बेतते.

थांबायचे कधी

चोरून खाणे, जेवणाच्या वेळा टाळणे, जेवल्याबरोबर बाथरूमला जाणे, सतत आरशासमोर पोट तपासणे यांतले काही परत सुरू झाले, तर वजनाचा कार्यक्रम त्याच दिवशी बंद करून उपचार करणाऱ्याला कळवावे. चक्कर येऊन पडणे, छातीत धडधड, उलटीत रक्त किंवा आत्महत्येचे विचार असतील तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे. वारंवार उलट्यांनी रक्तातले पोटॅशियम घसरते आणि हृदयाचे ठोके बिघडतात. वजन ‘नॉर्मल’ असतानाही हे घडते, म्हणून रक्तातील क्षारांची तपासणी आणि ईसीजी मागून घ्या.

खासगी उपचार परवडत नसतील तर जिल्हा रुग्णालयात आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार ओपीडी असते. ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झालेल्या टेलिमानसचा 14416 हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे, मराठीत बोलता येते. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 ने सरकारी खर्चाच्या सेवेतून उपचार मिळण्याचा हक्क दिला आहे आणि विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजाराप्रमाणेच संरक्षण द्यावे असेही त्यात म्हटले आहे.

ओपीडीत दोन मिनिटे मिळतात. तेवढ्यात लाजेने ‘अ‍ॅसिडिटी आहे’ म्हटले जाते आणि नंबर संपतो. म्हणून घरूनच कागदावर चार ओळी लिहून न्या: कोणता त्रास, केव्हापासून, आठवड्यात किती वेळा, कोणती औषधे चालू आहेत. ‘मी जेवल्यावर उलटी काढते’ हे तोंडाने बोलता येत नसेल तर कागद डॉक्टरांसमोर ठेवा. सोबत गेलेल्या कार्यकर्त्याने तो मोठ्याने वाचून दाखवू नये, रांगेतले लोक ऐकत असतात.